आवाजाचे मोल

सात हजार दोनशे पन्नास डॉलर! वाचकहो, ही किंमत मोटारीची नव्हे की पियानोची नव्हे. ही आहे तारेच्या एका जोडीची. अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत वीज वाहून नेणाऱ्या, बारा फूट लांबीच्या तारेच्या जोडीला २००७ साली ‘पेअर’ नावाच्या एका अमेरिकन कंपनीने एवढे मोल लावले होते. त्या वेळच्या दराने हिशेब केला, तर ही रक्कम तीन लाख रुपयांच्या घरात जाते. आणि तार म्हणजे काही गाणारे यंत्र नव्हे. तिने वीज इकडून घ्यायची आणि तिकडे द्यायची, एवढेच तिचे काम!

या तारेची कीर्ती जेम्स रँडी या जादूगाराच्या कानी गेली. हातचलाखीत आयुष्य काढलेल्या या माणसाला दुसऱ्याची हातचलाखी चटकन दिसे. अलौकिक शक्तीचा दावा करणाऱ्याने तो कसोटीवर सिद्ध करावा आणि दहा लाख डॉलर घेऊन जावेत, असे त्याच्या संस्थेचे जाहीर आव्हान होते. तेच आव्हान त्याने या तारेलाही दिले. अट साधी होती. कोणती तार जोडली आहे हे न पाहता, नुसते ऐकून महागडी कोणती आणि साधी कोणती ते सांगायचे. एका नामांकित समीक्षकाने तयारी दाखविली. पण तार करणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतले, अटींवरून वादावादी झाली आणि कसोटी शेवटपर्यंत झालीच नाही. आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची! इथे ती तीन लाखांची होती, एवढाच फरक.

आता कोणी म्हणेल, ‘डोळे झाकून ऐकायचे हे खूळ या शंकेखोरांनीच काढले असणार.’ पण इतिहास वेगळेच सांगतो. आवाजाच्या यंत्रांची पारख पडद्याआड करावी, ही कल्पना यंत्रे विकणाऱ्यांचीच आहे. त्यांनीच ती हजारो लोकांपुढे मांडली आणि तिच्यावर आपली पत उभी केली. पुढे तिचा कौल गैरसोयीचा होऊ लागला, तेव्हा त्यांच्यातल्याच काहींनी तिच्याकडे पाठ फिरविली. ही हकिगत कशी घडली ते आपण क्रमाने पाहू या.

एडिसनने फोनोग्राफ शोधून काढला तो १८७७ साली. पुढची तीस-पस्तीस वर्षे या यंत्राचा आवाज म्हणजे डब्यात बसून कोणी बोलावे तसा होता. तरीही त्याला गिऱ्हाईक होते, आणि किंमत वाढविण्याची युक्तीही व्यापाऱ्यांना तेव्हाच साधली होती. १९०६ साली व्हिक्टर कंपनीने यंत्राचा तो मोठा कर्णा एका देखण्या लाकडी कपाटात लपविला, त्याला ‘व्हिक्ट्रोला’ असे नाव दिले आणि २०० डॉलर किंमत लावली. कर्णा लपल्यामुळे आवाजात काही भर पडली नाही. भर पडली ती दिवाणखान्याच्या शोभेत! पण लोकांनी कपाट पाहिले आणि आवाजाचीही वाहवा केली. डोळ्यांनी कानांचे काम हाती घेण्याची ही जुनी नोंद आहे.

एडिसनला मात्र कानांचा कौल हवा होता. त्याचे हिऱ्याच्या टोकाचे तबकडी-यंत्र १९१२ साली बाजारात आले. त्याचा गवगवा करण्यासाठी १९१५ पासून त्याच्या कंपनीने गावोगाव विलक्षण कार्यक्रम सुरू केले. रंगमंचावर एक गायिका आणि तिच्या शेजारी ते यंत्र. गायिका यंत्राबरोबर गाऊ लागे, मध्येच थांबे, पुन्हा गाऊ लागे. मग सभागृहातले दिवे मालविले जात. गाणे चालूच असे. दिवे लागले की लोक पाहतात तो काय, गायिका केव्हाच आत निघून गेलेली आणि यंत्र एकटेच गाते आहे! टाळ्यांचा कडकडाट होई. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला. पुढली दहा वर्षे अमेरिकेत असे हजारो कार्यक्रम झाले.

आपण त्या तबकड्या आज ऐकल्या तर चकित होऊ. एवढ्या अपुऱ्या आवाजाला लोक फसले कसे? याचे उत्तर अॅना केस या गायिकेने पुष्कळ वर्षांनी देऊन टाकले. या कार्यक्रमांत ती पुष्कळदा गायिली होती. तिने सांगितले की, ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत असे. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते. माणूस यंत्रासारखा गात होता! तेव्हा नुसता अंधार केला म्हणजे कसोटी खरी होत नाही. दिव्याचे बटण कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. एवढा धडा या प्रयोगांनी दिला, आणि तो पुढे उपयोगी पडला.

१९२५ साली मायक्रोफोन आणि विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि आवाज खऱ्या अर्थाने सुधारू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मात्र एक पेच उभा राहिला. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस कंपनांपासून वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते, ती गोष्ट वेगळी. त्या काळचा साधा रेडिओ यातला खालचा थोडासाच भाग पोहोचवी. मग सगळा पल्ला पोहोचविण्याची खटपट करावी की नाही? चिन आणि आयझेनबर्ग या दोघांनी १९४५ साली रेडिओच्या श्रोत्यांना दोन्ही तऱ्हेचे आवाज ऐकविले. श्रोत्यांनी काय निवडले असेल? अपुरा आवाज! झाले, कित्येकांना वाटले की लोकांना उत्तम आवाज नकोच आहे. मग यंत्रावर खर्च कशाला करा?

इथे हॅरी ओल्सन या शास्त्रज्ञाचे डोके चालले. आर.सी.ए. कंपनीत काम करणाऱ्या ओल्सनने १९४७ साली यंत्र मधून काढूनच टाकले. एका खोलीत त्याने खरेखुरे वादक बसविले. श्रोते आणि वादक यांच्यामध्ये आवाज सहज पार होईल असा कापडी पडदा टांगला. पडद्यामागे फिरत्या फळ्या होत्या. त्या मिटल्या की पाच हजार कंपनांच्या वरचा आवाज अडे. उघडल्या की सगळा आवाज मोकळा येई. फळ्या केव्हा मिटल्या नि केव्हा उघडल्या, हे श्रोत्यांना दिसत नव्हते. या वेळी बहुसंख्यांनी पूर्ण आवाजच पसंत केला. मग आधीचे श्रोते चुकले होते का? नाही. त्यांना पूर्ण आवाज नको नव्हता. त्या काळच्या यंत्रांतून त्याच्याबरोबर येणारी खरखर आणि विकृती नको होती. विकृती काढा, मग सगळा आवाज द्या, असा त्या पडद्याचा निवाडा होता. चांगल्या यंत्राची बाजू अशी पडद्यानेच मांडली, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढली पंधरा-वीस वर्षे या विद्येचे सोन्याचे दिवस होते. १९४७ सालीच विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने अॅम्प्लिफायरचा एक आराखडा ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापून सर्वांना खुला केला. पंधरा वॉट शक्ती आणि विकृती हजारात जेमतेम एक भाग! देशोदेशीच्या हौशी लोकांनी सुटे भाग आणून घरच्या टेबलावर तो तयार केला. १९४८ साली सावकाश फिरणारी लांब तबकडी आली. यॉर्कशरमध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज नावाचा एक गृहस्थ मूळचा कापडधंद्यातला. त्याने १९३२ साली घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात करून ‘व्हार्फडेल’ कंपनी काढली होती. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने प्रत्यक्ष वादन आणि मुद्रित वादन आलटूनपालटून श्रोत्यांपुढे ठेवले. या कामी ‘क्वाड’ कंपनीचा पीटर वॉकर त्याच्या जोडीला होता. पुढच्याच वर्षी त्याने तसा कार्यक्रम कार्नेगी हॉलमध्ये केला. एडिसनने जिथे दिवे मालविले होते, तिथेच!

अमेरिकेत एडगर व्हिलचरच्या ‘अॅकॉस्टिक रिसर्च’ कंपनीने तर याहून पुढची मजल मारली. फाइन आर्ट्स क्वार्टेट हे चार तंतुवादकांचे पथक रंगमंचावर वाजवीत बसे. मध्येच त्यांचे गज तारांना न टेकता नुसतेच हलू लागत आणि संगीत येई ते स्पीकरमधून. ही अदलाबदल केव्हा झाली ते भल्याभल्यांना कळत नसे. अशा मैफिली ठिकठिकाणी झाल्या, आणि त्यांत वापरलेले अॅम्प्लिफायर डायनाको कंपनीचे, हौशी माणूस घरी जोडू शकेल अशा स्वस्त जातीचे होते. व्हिलचरने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात आपल्या यंत्रांची एक खोली थाटली. तिथे कोणीही यावे, हवे तेवढे ऐकावे आणि निघून जावे; विक्री तिथे होतच नसे. ज्याला आपल्या मालाचा भरवसा असतो, तो असा वागतो.

पण या यशाच्या पोटीच व्यापाराची अडचण जन्माला आली. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, कारखान्यातून हजारोंनी माल निघू लागला आणि निर्दोष अॅम्प्लिफायर मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आला. १९७८ साली क्वाड कंपनीने आपली तीन यंत्रे कसोटीला लावली. एक १९५३ चे व्हॉल्व्हचे, दुसरे १९६७ चे आणि तिसरे १९७५ चे. जेम्स मॉइर या तज्ज्ञाने जाणकार श्रोते बसविले. पडद्याआडून त्या तीन यंत्रांत कोणालाही फरक सांगता आला नाही. ‘आमचे नवे यंत्र जुन्यापेक्षा ऐकायला वेगळे नाही,’ असे स्वतःच्या खर्चाने सिद्ध करून छापणारी कंपनी आता शोधून तरी सापडेल का? पण बाजाराच्या दृष्टीने हा कौल म्हणजे संकट होते. सगळेच अॅम्प्लिफायर चांगले निघू लागले, तर महागडा म्हणून विकायचा कोणता?

याच सुमारास पारखीची तऱ्हाही बदलत होती. १९६२ साली गॉर्डन होल्ट याने ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक काढले. जाहिरातदारांच्या दडपणाला कंटाळून हा माणूस दुसऱ्या एका मासिकातून बाहेर पडला होता, आणि त्याचे म्हणणे रास्त होते. मोजमापाच्या आकड्यांत सगळे येत नाही. यंत्र ऐकून पाहिले पाहिजे. यात चूक काय? काहीच नाही. पण त्याच्या वाटेने पुढे जे आले, त्यांनी ऐकणे ठेवले आणि पडदा काढून टाकला. यंत्राचे नाव ठाऊक, किंमत ठाऊक, चकचकीत पितळी मूठ डोळ्यांसमोर, आणि वर्णन मात्र कानांच्या नावावर! मद्याचे वर्णन करावे तशी भाषा सुरू झाली. कुठे आवाज ‘मखमली’ झाला, कुठे ‘हवेशीर’. हा शब्दांचा फुलोरा ज्याला वाचायला मिळाला, त्याला तो ऐकूही येऊ लागला.

मग पाळी आली तारांची. १९७० च्या दशकापर्यंत स्पीकरला दिव्याची साधी तार लावीत. त्यानंतर जाड, झगझगीत, नावाच्या तारा आल्या आणि दर फुटाला किंमत सांगू लागल्या. आपण थोडा हिशेब करू, कठीण नाही. घरात विजेसाठी वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार लागली सहा मीटर. तिचा विरोध भरतो सुमारे चार शतांश ओहम. स्पीकरचा असतो आठ ओहम. म्हणजे दोनशे भागांत एक भाग तारेने खाल्ला. हा एक भाग वाचविण्यासाठी कोणी तीन लाख मोजावेत?

‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ साली पडद्याआड तारांची तुलना केली. फार बारीक तार आणि जाड तार यांतला फरक खरखरीसारख्या आवाजावर ओळखता आला. पण संगीत लावल्यावर, बेताची जाड अशी दिव्याची तार आणि नावाजलेली महागडी तार यांत श्रोत्यांना डावे-उजवे करता आले नाही. त्याच मासिकाने १९८७ साली अॅम्प्लिफायरांची तुलना मांडली. एका टोकाला सुमारे २२० डॉलरचे साधे यंत्र, दुसऱ्या टोकाला १२,००० डॉलरची व्हॉल्व्हची जोडी. श्रोत्यांत श्रद्धाळू होते तसे संशयीही होते. उत्तरे बरोबर आली ती जवळपास निम्मी. निम्मी म्हणजे किती, वाचकहो? नाणे उडवून छापा-काटा केला असता तरी तेवढीच आली असती.

तरीही बाजार थांबला नाही. १९८२ साली सीडी आली. तिच्यात आवाज आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो, तर १९९० च्या सुमारास तिच्या कडेला हिरवी शाई फासली की आवाज सुधारतो अशी आवई उठली आणि त्यासाठी खास लेखण्या विकल्या गेल्या. २००८ साली डेनॉन कंपनीने संगणकी जोडणीची दीड मीटरची तार ४९९ डॉलरला काढली. तीवर कोणत्या दिशेने लावायची याचे बाणही होते. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई, ते आठवा. तो नव्या कोऱ्या सायकलीवरून आला म्हणून शंभराचे एकशे पाच होत नसत. आकड्यांचेही तसेच आहे. ते एक तर पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. वाटेत ते गोड होत नाहीत.

जपानमधल्या काही शौकिनांनी तर शुद्ध विजेसाठी घराजवळ स्वतःचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतल्याच्या बातम्या २०१६ साली आल्या. कितीतरी मैल साध्या तारांतून, रानावनांतून, गल्लीबोळांतून आलेली वीज शेवटच्या चार पावलांत सोवळे नेसून घरात शिरते, असे मानण्यापैकीच हा प्रकार झाला.

आता एक प्रश्न मनात येईलच. एवढी शिकलेली, पैसेवाली माणसे काय खोटे बोलतात? मुळीच नाही. त्यांना फरक खरोखरच ऐकू येतो, आणि इथेच या विषयाचे मर्म आहे. आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही. कानांनी पाठविलेल्या खबरीत डोळे, आठवण, अपेक्षा आणि खर्च केलेले पैसे आपापली भर घालतात, आणि मग ‘ऐकू आले’ असे आपण म्हणतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली हे दाखवून दिले. त्यांनी स्पीकर बनविणाऱ्या हार्मन कंपनीतल्याच माणसांना तेच स्पीकर आधी न दिसतील असे आणि मग दिसतील असे ऐकविले. दिसताच गुण बदलले. भव्य, देखण्या स्पीकरांना भाव आला आणि लहान, स्वस्त दिसणाऱ्याचा उतरला. आवाज तोच होता, कान तेच होते. मधला पडदा तेवढा उठला होता.

दुकानदाराला आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दोन सारख्या यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित, अगदी किंचित, मोठा ठेवला, तर ऐकणारा ‘हा मोठा आहे’ असे म्हणत नाही. ‘हा अधिक चांगला आहे’ असे म्हणतो. म्हणून खऱ्या कसोटीत दोन्ही आवाज आधी मोजून सारखे करतात, आणि कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते, तसे ऐकविणाऱ्यालाही ठाऊक नसते. एडिसनच्या दिव्याच्या बटणाचा धडा तो हाच.

महागड्या यंत्रांच्या बाजूने एक आक्षेप घेतात, तोही आपण ऐकला पाहिजे. ते म्हणतात, ‘परीक्षेच्या घाईत कान बावरतात. घरी, आपल्या यंत्रावर, महिनोन्‌महिने निवांत ऐकल्यावरच बारकावे कळतात.’ म्हणणे विचार करण्याजोगे आहे. पण त्याची परीक्षा अवचितच होऊन गेली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी नामांकित तबकड्यांच्या उंची आवृत्त्या काढते; त्यांतल्या काही १२५ डॉलरला एक अशा विकल्या जात. मूळ चुंबकीय फितीवरून, संगणकी आकड्यांचा विटाळ न होऊ देता त्या तयार होतात, अशी गिऱ्हाइकांची समजूत होती, आणि आकड्यांत रूपांतर झाले की संगीताचा प्राण जातो, असे त्यांच्यातले पुष्कळ जण सांगत. २०२२ साली एका तबकडी-विक्रेत्याने बिंग फोडले. २०११ पासून कंपनी आपल्या कितीतरी तबकड्यांसाठी मधली पायरी आकड्यांचीच वापरत होती! कंपनीला पुढे न्यायालयात तडजोड करावी लागली आणि ग्राहकांचे पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली.

अकरा वर्षे! घरी, निवांत, उत्तमातल्या उत्तम यंत्रावर, जगातल्या चोखंदळ कानांनी त्या तबकड्या ऐकल्या होत्या आणि ‘अस्सल’ म्हणून डोक्यावर घेतल्या होत्या. त्या कानांना दोष देण्याचे कारण नाही. तबकड्या उत्तमच होत्या. खोटी ठरली ती फक्त समजूत.

न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा म्हणून हेही सांगतो. सीडीपेक्षा सूक्ष्म मुद्रण ओळखता येते का, याची कसोटी मेयर आणि मोरान यांनी घेतली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर होती, म्हणजे पुन्हा छापा-काटाच. पण २०१६ साली जोशुआ राइस याने अठरा अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरे शेकडा ५२.३ निघाली. पन्नासाच्या वर, पण किती? जेमतेम सव्वादोन. तेव्हा ‘फरक मुळी असूच शकत नाही’ अशी प्रतिज्ञा शास्त्र करीत नाही. फरक असेल तर तो कसाला लावा आणि दाखवा, एवढेच ते म्हणते.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. पैठणी घेणारी बाई सुती लुगड्याच्या कितीतरी पट पैसे मोजते, ते विणकराच्या कसबासाठी आणि नेसल्यावरच्या आनंदासाठी. तिला कोणी फसविलेले नसते. पण पैठणी नेसल्याने थंडी वाजत नाही, असे सांगून कोणी ती विकू लागला तर? सुंदर घडणीच्या यंत्राला कोणी हौसेने लाख रुपये दिले, तर आपली तक्रार नाही. तक्रार आहे ती, ऐकू न येणारी गोष्ट ऐकू येते म्हणून विकण्याबद्दल.

आणि यात नुकसान केवळ श्रीमंतांचे होते असे समजू नका. धनवानाचे लाख गेले तर त्याला काही वाटणार नाही. पण पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकून एखादा तरुण साधा संच घेतो, आवडीने गाणे लावतो. आणि मग कोणी त्याला सांगतो, ‘अहो, या तारेवर तुम्हाला खरे संगीत ऐकूच येत नाही.’ तो बिचारा गाणे ऐकायचे सोडून तार ऐकू लागतो. आपल्या कानांवरचा त्याचा विश्वास उडतो. मला वाटते, या व्यापाराने केलेली ही सर्वांत मोठी चोरी आहे.

केसरबाई केरकरांची गोष्ट इथे आठवते. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली आणि आज ती सूर्यमालेच्या कडेपलीकडे प्रवास करीत आहे. मूळचे मुद्रण ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे, अवघे साडेतीन मिनिटांचे आणि आजच्या मानाने फार अपुरे. निवड करणाऱ्यांनी त्यात काय ऐकले असेल? तबकडीची खरखर की केसरबाईंचा सूर? आपल्याकडे घरोघरच्या साध्या रेडिओसंचातून चार-पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही येत नसे. तरी त्याच संचासमोर बसून लोकांनी थोरामोठ्यांचे गाणे ऐकले, आणि कित्येकांचे कान त्यावरच तयार झाले.

याचा अर्थ दुधाची तहान ताकावर भागवा, असा नव्हे. चांगला आवाज मिळण्याजोगा आहे, तर तो घ्यावा. पण पैसे कुठे घालायचे, ते पडद्याला विचारून ठरवावे. पडदा सांगतो की स्पीकरांत फरक असतो, आणि तो ओळखू येतो. टूल आणि ऑलिव्ह यांना असे आढळले की डोळ्यांआड ऐकताना बहुतेकांची पसंती एकाच जातीच्या स्पीकरांकडे वळते. जो कोणताही सूर वाजवीपेक्षा पुढे-मागे करीत नाही, तो लोकांना आवडतो, आणि तो दर वेळी महागच असतो असे नाही. त्याखालोखाल महत्त्व खोलीचे. उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तिथे एखादी जाड सतरंजी, पुस्तकांचे कपाट, दाराला पडदा एवढे केले आणि स्पीकर कोपऱ्यातून थोडे पुढे ओढले, तर होणारा बदल कोणालाही जाणवेल. त्याला लाख रुपये लागत नाहीत. मूळ मुद्रण चांगले असले पाहिजे, हे तर उघडच आहे. यानंतर राहिली तार. ती बेताची जाड घ्यावी, नीट जोडावी आणि विसरून जावी.

तो गॉर्डन होल्ट आठवतो ना? ऐकून पारख करण्याची प्रथा ज्याने रूढ केली, तोच. मृत्यूपूर्वी दोन वर्षे, २००७ साली, आपल्याच जुन्या मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने आपली खंत बोलून दाखविली. डोळ्यांआडच्या कसोटीला सामोरे जायचे १९८० च्या दशकात या व्यवसायाने नाकारले, तिथेच त्याची पत गेली, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. घरच्याच माणसाने केलेले हे निदान आहे.

तेव्हा वाचकहो, कधी अशा दुकानात जाण्याचा प्रसंग आलाच, तर दुकानदाराशी वाद घालू नका. किंमत ऐकून दबूनही जाऊ नका. एवढेच म्हणा, ‘दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, मध्ये एक चादर धरा, आणि कोणते चालू आहे ते मला सांगू नका.’ एकदा ऐकून भागणार नाही, दहा-बारा वेळा तरी ऐका आणि दर वेळी उत्तर कागदावर लिहा. फरक खरा असेल तर तो चादरीतूनही ऐकू येईल. मग खुशाल पैसे मोजा. आणि दुकानदार चादर धरायलाच तयार नसेल, तर पाकीट खिशात ठेवा आणि घरी जाऊन आपल्या जुन्या संचावर एखादे आवडते गाणे लावा.